धर्माच्या गाईचे दात

‘धर्माचे गाई, दात का गे नाही’ असे म्हणून फुकटच्या वस्तूविषयी कुरकुर करणाऱ्यास गप्प बसविण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु फेडोरा या विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टिमच्या १८व्या आवृत्तीबाबत जे घडले, ते पाहता ही रीत अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये अपेक्षित असलेली ही आवृत्ती १५ जानेवारी २०१३ रोजी बाहेर पडली. विलंबाचे प्रमुख कारण होते तिचा ‘अ‍ॅनाकोंडा’ हा इन्स्टॉलर, म्हणजेच संगणकावर ही प्रणाली प्रथम बसवून देणारा प्रोग्रॅम. तो नव्याने घडविण्यात आला होता. पूर्वी तो एकामागून एक प्रश्न विचारीत असे. आता एका मध्यवर्ती पडद्यावरून हव्या त्या क्रमाने भाषा, वेळ, डिस्क यांची उत्तरे द्यावयाची होती. प्रणाली उतरत असतानाच पासवर्ड ठरविता येई, त्यामुळे वेळही वाचे. योजना तर्कशुद्ध होती. वापरणाऱ्यांची प्रतिक्रिया मात्र तीव्र झाली.

काम संपल्याचे बटण पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात का, ही तक्रार सवयीची म्हणून सोडून देता येईल. डिस्कच्या विभागणीविषयीची तक्रार तशी नव्हती. कोणता विभाग राहील व कोणता पुसला जाईल, हे नव्या मांडणीत अनेकांना उमगेना. आणि तेथील एका चुकीत वर्षानुवर्षांचे कागदपत्र नाहीसे होऊ शकतात. लिनक्सच्या उभारणीत मोठा वाटा असलेले अ‍ॅलन कॉक्स यांनीही या इन्स्टॉलरवर उघड टीका करून उबुंटूची वाट धरली.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली दाखवून दिले, की असंतुष्ट ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. विकाऊ मालाच्या बाबतीत घटलेला खप उत्पादकास तात्काळ जागे करतो. जेथे किंमतच नाही, तेथे निघून गेलेल्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. म्हणून तेथे तक्रार हेच किमतीचे काम करते. शिवाय वस्तू फुकट असली, तरी ती नव्याने शिकण्याचे श्रम आणि चुकीचा धोका यांची किंमत वापरणाराच मोजतो. रचनेचा निर्णय एकाचा व त्याचा खर्च दुसऱ्याचा, अशी ही विभागणी आहे.

हा आवाज वाया गेला असे नाही. २०१७ च्या २६व्या आवृत्तीत विभागणीसाठी अधिक स्पष्ट असा पर्यायी पडदा आला. एप्रिल २०२५ च्या ४२व्या आवृत्तीत, फेडोराच्या वर्कस्टेशन या मुख्य रूपात, नवा इन्स्टॉलर पुन्हा पायरीपायरीने प्रश्न विचारू लागला. जुने ते सारे चांगले, असा याचा अर्थ नव्हे. मात्र सवयीची कुरकुर कोणती आणि धोक्याची सूचना कोणती, हे प्रथम पारखले असते, तर बारा वर्षांचा हा वळसा कदाचित थोडा आखूड झाला असता. धर्माच्या गाईचे दात मोजणे हा कृतघ्नपणा नव्हे. दूध पिणाऱ्याचे ते कर्तव्यच आहे.