हिशेबाची यंत्रं, भाग ६ : त्याच ओळीत की खालच्या ओळीत?

नॉर्थविंड ट्रेडर्स ही कंपनी खाण्यापिण्याच्या वस्तू देशोदेशी विकते. तिचे ९१ ग्राहक आहेत, ७७ उत्पादनं आहेत आणि १९९६ ते १९९८ या काळातल्या ८३० ऑर्डरी तिच्या दप्तरी नोंदलेल्या आहेत. फक्त ही कंपनी जगाच्या पाठीवर कुठेच नाही. मायक्रोसॉफ्टने ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरबरोबर सरावासाठी ती रचून दिली आणि कित्येकांनी आयुष्यातली पहिली क्वेरी तिच्याच माहितीवर चालवली. मागच्या भागात तिच्या तक्त्यांची ओळख झाली. आता त्या तक्त्यांना प्रश्न विचारायचे, तेही एकही आज्ञा पाठ न करता.

आज्ञा पाठ न करण्याची ही सोय ॲक्सेसच्या बरीच आधीची. माहिती तक्त्यांच्या रूपात साठवावी हा विचार आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. १९७४ मध्ये तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा तयार केली, तीच आजची एसक्यूएल. ही भाषा प्रोग्रामर नसलेल्यांनाही वापरता यावी, अशी तिच्या कर्त्यांची अपेक्षा होती. ती फारशी पुरी झाली नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत मोशे झ्लूफ यांनी निराळी वाट काढली. पडद्यावर रिकामा तक्ता दाखवायचा, आणि हवं ते उत्तर कसं दिसेल याचा नमुना वापरणाऱ्याने त्यातच भरायचा. या पद्धतीला त्यांनी ‘क्वेरी बाय एक्झाम्पल’ असं नाव दिलं. १९८५ साली पॅराडॉक्सने ती साध्या पीसीवर आणली आणि १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ॲक्सेसने ती घराघरांत नाही तरी हापिसाहापिसांत पोहोचवली.

ॲक्सेसमध्ये क्वेरी रचताना खालच्या अर्ध्या पडद्यावर जी जाळी दिसते, ती झ्लूफ यांच्या रिकाम्या तक्त्याचीच वारस. हवा तो रकाना ओढून तिथे ठेवायचा, ‘क्रायटेरिया’ लिहिलेल्या ओळीत अट टाकायची आणि लाल उद्गारचिन्हाचं बटण दाबायचं. अवतरणचिन्हंसुद्धा सॉफ्टवेअर स्वतःच घालतं. ‘कोडिंगची गरज नाही’ अशी जाहिरात आज जे जे सॉफ्टवेअर करतं, त्याच्या पोटात कुठे ना कुठे अशीच जाळी असते. जाहिरात खोटी नाही. पण अवघड भाग टाईप करण्याचा कधी नव्हताच.

नॉर्थविंडचे लंडन आणि माद्रिद इथले ग्राहक हवे आहेत असं समजा. शहराचा रकाना जाळीत ओढला, अटीत ‘London And Madrid’ या अर्थाचं लिहिलं, बटण दाबलं. उत्तरात एकही ओळ नाही. सॉफ्टवेअरचं चुकलेलं नसतं. ते एकेक ग्राहक समोर धरून विचारतं, याचं शहर लंडन आहे आणि शिवाय माद्रिदही आहे का? असा ग्राहक कुठून मिळणार! माणूस बोलताना दोन याद्या एकत्र करत असतो, यंत्र एकाच ओळीवर दोन अटी लावत असतं. त्यामुळे एक शहर ‘क्रायटेरिया’च्या ओळीत आणि दुसरं तिच्याखालच्या ‘ऑर’च्या ओळीत लिहावं लागतं. आता लंडनचे ६ आणि माद्रिदचे ३, मिळून ९ ग्राहक समोर येतात. (लंडनच्या यादीत संपर्कासाठी चक्क थॉमस हार्डी आणि हरी कुमार ही नावं सापडतात. नॉर्थविंड रचणाऱ्याला कादंबऱ्यांचा नाद असावा.)

एका ओळीतल्या सगळ्या अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात आणि खालच्या ओळीपासून पर्याय सुरू होतो, एवढाच नियम. एक्सेलच्या ‘ॲडव्हान्स्ड फिल्टर’मध्येही तोच चालतो. नियम एका वाक्याचा असला तरी फसवतो तो पुढच्या पायरीला. त्या ९ जणांपैकी फक्त ‘सेल्स रिप्रेझेंटेटिव्ह’ हुद्द्याचे हवेत म्हणून हुद्द्याचा रकाना शेजारी आणला आणि वरच्या ओळीत अट लिहिली. उत्तर आलं, ६ नावं. बरोबर आकडा ३ आहे. हुद्द्याची अट लंडनच्या ओळीत लिहिली गेली, माद्रिदची ओळ मोकळीच राहिली, त्यामुळे तिथले मालक आणि अकाउंटिंग मॅनेजरही आत शिरले. अट दोन्ही ओळींत लिहायला हवी होती, किंवा दोन्ही शहरं ‘Or’ घालून एकाच चौकटीत. मघाशी उत्तर रिकामं आलं तेव्हा निदान शंका तरी आली. या खेपेला सहा नीटनेटकी नावं आली, आणि नीटनेटक्या यादीवर कोण शंका घेतो? सेल्सफोर्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये अटींना क्रमांक देऊन ‘१ आणि (२ किंवा ३)’ असं तर्कसूत्र लिहिता येतं. जाळीपेक्षा ते दिसायला रुक्ष आहे, पण कंस डोळ्यांसमोर असल्याने ही चूक तिथे लपत नाही.

रिकाम्या चौकटींचं प्रकरण याहून विचित्र. नॉर्थविंडच्या ग्राहकांच्या तक्त्यात प्रांताचा रकाना आहे. त्यात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचे ३ ग्राहक आहेत. मग वॉशिंग्टन सोडून बाकीचे किती? शाळकरी पोरगंही ८८ म्हणेल. पण ‘<> "WA"’ अशी अट घातली की क्वेरी २८ म्हणते. उरलेल्या ६० ग्राहकांचा प्रांत भरलेलाच नाही. डेटाबेसच्या लेखी रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे की कोरा शब्द नव्हे. ती अज्ञात किंमत असते, आणि अज्ञात गोष्ट ‘WA’ नाही असं छातीठोक कसं सांगणार? अट जिथे निःसंशय खरी ठरते तेवढ्याच ओळी उत्तरात येतात, संशयाचा फायदा कोणाला मिळत नाही. उपाय सोपा आहे. खालच्या ओळीत ‘Is Null’ लिहिलं की ८८ पुरे होतात. कोल्हापूरच्या एखाद्या वितरकाने ‘एरिया सातारा नाही’ अशी अट घालून थकबाकीची यादी काढली, तर ज्या पार्ट्यांचा एरिया भरायचा राहून गेला त्या नेमक्या यादीतून गळतील. अर्धवट माहिती भरलेल्या खात्यांचीच उधारी तुंबलेली असते हे वसुलीवाल्यांना सांगायला नको.

तारखांबद्दल थोडक्यात. नॉर्थविंडची पहिली ऑर्डर ४ जुलै १९९६ ची. भारतीय पद्धत निवडलेल्या संगणकावर जाळीत 04/07/1996 लिहिलं तर ॲक्सेस ते बरोबर वाचतं. पण तीच क्वेरी एसक्यूएलच्या रूपात उघडली की तिथे अमेरिकी रीतीने महिना आधी येतो. कोणी ‘दुरुस्ती’ म्हणून तारीख उलटी केली की ती ७ एप्रिल होते. गंमत म्हणजे 31/07 लिहिलं तर ॲक्सेस ते निमूटपणे ३१ जुलैच समजतं, कारण एकतिसावा महिना नसतो. म्हणजे चूक बारा तारखेपर्यंतच होते आणि मग आपोआप नाहीशी होते. शिवाय जे सॉफ्टवेअर बिलावर तारखेबरोबर वेळही नोंदवतं, तिथे ‘१ एप्रिल ते ३१ मार्च’ अशी अट ३१ मार्चच्या मध्यरात्री, म्हणजे तो दिवस उजाडायच्याही आधी, संपते. वर्षअखेरीच्या दिवशी दुपारी फाडलेली बिलं बाहेरच राहतात. म्हणून अट ‘पुढच्या १ एप्रिलच्या आधी’ अशी लिहावी.

एवढ्यावर एक तक्ता सांभाळता येतो. दोन तक्ते जोडले की खरी करामत सुरू होते. ऑर्डरींच्या तक्त्यात प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ असते आणि मालाचं वाहतूक भाडं तिथेच नोंदलेलं असतं. कोणत्या वस्तू किती गेल्या हे दुसऱ्या तक्त्यात असतं, वस्तूगणिक एक ओळ, अशा एकूण २,१५५. दोन तक्ते जाळीच्या वर ठेवून त्यांच्यात जोडरेघ ओढायचीच विसरली, तर प्रत्येक ओळीची प्रत्येक ओळीशी गाठ पडून १७,८८,६५० ओळी तयार होतात. त्या इतक्या बेसुमार असतात की चूक लगेच कळते.

घात होतो तो रेघ नीट ओढल्यावर. १०२४८ क्रमांकाची ऑर्डर बघा. फ्रान्समधल्या ऱ्हांस शहरातल्या गिऱ्हाइकाने तीन वस्तू मागवल्या. स्पॅनिश चीज १२ नग, १४ डॉलरने, सिंगापुरी नूडल्स १० नग, ९.८० ने, आणि मोझरेला ५ नग, ३४.८० ने. म्हणजे १६८, ९८ आणि १७४, मिळून ४४० डॉलरचा माल. त्यावर भाडं ३२.३८ डॉलर. जोडलेल्या क्वेरीत या ऑर्डरच्या तीन ओळी होतात आणि प्रत्येक ओळीवर ३२.३८ छापून येतं. खालच्या ‘टोटल’मध्ये मालाची बेरीज ४४० येते, अगदी बरोबर. भाड्याची मात्र ९७.१४. सगळ्या ८३० ऑर्डरींचं खरं भाडं ६४,९४२.६९ डॉलर आहे, जोडलेल्या क्वेरीत ते दुपटीहून कितीतरी वर जातं. शेजारचा विक्रीचा आकडा बरोबर असल्यामुळे भाड्याचाही बरोबरच असणार असं वाटतं, आणि वाहतूकदार लुटतोय अशी तक्रार वरपर्यंत जाते. विक्री दाखवून भाडं फुगवणारी ही क्वेरी कुठल्याही हुशार लेखापालाच्या हातून होऊ शकते.

यातून सुटण्यासाठी काम दोन टप्प्यांत करावं. पहिल्या क्वेरीत फक्त वस्तूंचा तक्ता घ्यायचा, ऑर्डर क्रमांकावर ‘ग्रुप बाय’ लावायचं आणि रकमेची बेरीज करायची. आता १०२४८ ची एकच ओळ उरली, ४४० ची. ही क्वेरी नाव देऊन जतन करायची. ॲक्सेसमध्ये जतन केलेली क्वेरी दुसऱ्या क्वेरीला तक्त्यासारखी वापरता येते, म्हणून तीच ऑर्डरींच्या तक्त्याला जोडायची. ओळीस ओळ जुळते आणि ४४० च्या शेजारी ३२.३८ एकदाच येतं. दर वेळी एखादी ओळखीची ऑर्डर घेऊन कॅल्क्युलेटरवर ताळा करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

एक सावधगिरी मात्र आत्ताच सांगायला हवी. ॲक्सेसमध्ये साध्या क्वेरीचं उत्तर पडद्यावर दिसतं ते बऱ्याचदा नुसतं चित्र नसतं. त्यातल्या चौकटीत सहज म्हणून काही बदललं, तर मूळ तक्त्यातली नोंदही बदलते. ‘टोटल’ लावलेल्या क्वेरीत तसं होत नाही, कारण बेरीज कोणत्या ओळीत परत लिहायची हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात, चालवताना दर वेळी ‘कोणता महिना?’ असं स्वतःहून विचारणारी क्वेरी.