पोफळ व मिरवेल : वाढीच्या तुलनात्मक गरजा

पोफळ म्हणजे सुपारीचा वृक्ष. त्याचे शास्त्रीय नाव ॲरेका कॅटेचू असून कुल पामी आहे. मिरवेल ही काळी मिरी देणारी बहुवर्षायू वेल असून तिचे शास्त्रीय नाव पायपर नायग्रम व कुल पायपरेसी आहे. पोफळीचे खोड सडपातळ, शाखाहीन व सरळसोट असते. मिरवेल स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. पेरांपासून फुटणाऱ्या आगंतुक मुळांनी ती आधाराला चिकटून वर चढते. कोकणातील वाड्या, गोव्यातील कुळागरे, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्हा आणि केरळ येथे पोफळीच्या खोडावर मिरवेल चढविण्याची पद्धत जुनी आहे. या सहवासावरून दोन्ही वनस्पतींच्या गरजा एकच असाव्यात, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो उष्णतामान व आर्द्रता यांपुरता बरोबर आहे. पाणी आणि प्रकाश यांबाबत मात्र तो बागायतदाराला महागात पडतो.

हवामान : दोन्ही वनस्पतींना उष्ण व दमट हवा लागते. पोफळ १४° ते ३६° से. तापमानात आणि समुद्रसपाटीपासून सु. १,००० मी. उंचीपर्यंत चांगली वाढते. मिरवेल सह्याद्रीच्या दक्षिण भागातील सदाहरित वनांतील मूळची असल्याने तिला यापेक्षा थोडी अधिक उंची मानवते. कडक थंडी व धुके दोघींनाही सोसत नाही.

पाणी : येथे खरा फरक दिसून येतो. पोफळीला वर्षभर ओलावा हवा असतो. तिच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक फुलोरा येत असल्यामुळे पानांची वाढ खुंटली की पुढील घडांची संख्याही घटते. पाण्याचा एकदा ताण पडला, तर झाड पूर्ववत होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. म्हणून पाऊस संपल्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरात सु. आठवड्याने आणि मार्च ते मे या काळात तीन ते पाच दिवसांनी पाणी देतात. मिरवेलीला मात्र फुलोऱ्यापूर्वी थोडा ताण आवश्यक असतो. एप्रिल-मे महिन्यांत तिची वाढ थांबते आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर नवी पालवी व कणिशे एकदम बाहेर पडतात. मे-जूनमध्ये वीस दिवसांत सु. ७० मिमी. पाऊस मिळाल्यास हा बहर सुरू होण्यास तो पुरेसा असतो. त्यानंतर मात्र दाणे भरेपर्यंत पावसात खंड पडलेला तिला चालत नाही. थोड्या दिवसांची उघडीपही उत्पन्न घटविते.

पोफळीचे वेळापत्रक तसेच्या तसे वेलीला लागू केल्यास वेल हिरवीगार दिसते, पण बहर विस्कळीत होऊन कणिशे थोडी येतात. पोफळीच्या बागांतील प्रयोगांवरून वेलीला मार्चअखेरपर्यंत बेताचे पाणी देऊन नंतर पावसाळ्यापर्यंत ते तोडणे फायदेशीर ठरले आहे. ठिबक सिंचनात वेलीकडील तोट्या स्वतंत्रपणे बंद ठेवता येतात. पाटाने पाणी देणाऱ्या जुन्या वाड्यांत वेलीचे आळे पाटापासून अलग राखावे लागते.

केरळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचाही पाऊस मिळत असल्याने तेथे डोंगरउतारावर मिरी कोरडवाहू पिकवितात. कोकणात पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो व पुढील आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. नवी वेल इतका काळ तग धरू शकत नाही. त्यामुळे कोकणातील मिरी ओलिताच्या पोफळी-नारळाच्या बागांशी बांधली गेली आहे.

प्रकाश व सावली : कोवळ्या पोफळीला उन्हाचा चटका सोसत नाही, म्हणून आरंभीची काही वर्षे केळीची सावली देतात. पुढे तिचा शेंडा उन्हात असावा लागतो, तरी खोडाची नैर्ऋत्य बाजू भाजून चिरण्याचा धोका राहतोच. याच कारणाने लागवडीच्या ओळी उत्तर-दक्षिण रेषेपासून ३५° पश्चिमेकडे वळविण्याची शिफारस आहे. मिरवेलीला विरळ सावली मानवते. उघड्या उन्हात पाने पिवळी पडतात आणि दाट सावलीत फलधारी आडव्या फांद्या कमी फुटतात. २·७ × २·७ मी. अंतरावरील वाढलेल्या पोफळींच्या शेंड्यांतून सु. एक-तृतीयांश ते निम्मा प्रकाश खाली येतो. तो वेलीला पुरतो, पण पोफळी याहून दाट लावल्यास पुरत नाही. पांगाऱ्यासारख्या आधारवृक्षाच्या फांद्या पावसाळ्यात छाटून प्रकाश वाढविता येतो. पोफळीची सावली छाटता येत नाही. म्हणून मिरी घेण्याचा विचार असल्यास पोफळींमधील अंतराचा निर्णय वेल लावण्याच्या कित्येक वर्षे आधी घ्यावा लागतो. वेल पोफळीच्या उत्तरेस लावतात, कारण हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी सूर्य दक्षिणेकडे असतो.

जमीन व खते : निचऱ्याची जांभ्या मातीची, सेंद्रिय द्रव्ययुक्त जमीन दोन्हींना चालते. पोफळीची बहुतेक मुळे बुंध्यापासून एक मीटरच्या आत असतात आणि वेलीची मुळेही वरच्याच थरात पसरतात. यामुळे वेल बुंध्याला खेटून न लावता सु. पाऊण ते एक मीटर अंतरावर लावून काठीच्या आधाराने खोडाकडे वळवितात. पोफळीला दरवर्षी १०० ग्रॅ. नायट्रोजन, ४० ग्रॅ. फॉस्फरस पेंटॉक्साइड व १४० ग्रॅ. पोटॅश, तसेच प्रत्येकी १२ किग्रॅ. हिरवा पाला व कंपोस्ट देतात. वेलीलाही पोटॅश अधिक लागते; तिचे खत वेगळे न दिल्यास ती पोफळीच्याच वाट्यातून घेते.

रोग : पावसाळ्यात साचलेले पाणी दोघींनाही घातक असते. पोफळीची फळे सडविणारा कोळेरोग आणि मिरवेलीचा शीघ्र मर रोग हे फायटोफ्थोरा या एकाच प्रजातीतील भिन्न जातींमुळे उद्‌भवतात. कोळेरोगावर लेस्ली कोलमन यांनी म्हैसूर संस्थानात केलेले संशोधन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही रोगांवर पावसाळ्यापूर्वी व पुन्हा पावसाळ्यात मोरचूद आणि चुना यांचे १ टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. कोळेरोगात घड जातो, झाड सहसा वाचते. मर रोगात मुळे व खोडाचा तळ सडून वेल काही आठवड्यांतच मरते. म्हणून वाडीतील चर मोकळे ठेवणे पोफळीपेक्षा वेलीसाठी अधिक निकडीचे आहे. जमिनीवर लोळणाऱ्या फांद्यांवर मातीचे शिंतोडे उडून रोग चढतो; त्या कापून टाकतात किंवा वर बांधतात.

काढणी : सुपारी व मिरी यांच्या काढणीचा हंगाम बराचसा एकच असतो. पाडेली एका पोफळीवर चढला की शेंडा हेलकावून तसाच शेजारच्या पोफळीवर जातो, त्यामुळे प्रत्येक खोड चढण्याजोगे असण्याची गरज नसते. वेल ५-६ मी. उंचीवर रोखून मधूनमधून काही पोफळी वेलीविना मोकळ्या ठेवल्यास त्याचे काम सुकर होते आणि मिरीची कणिशे शिडीच्या टप्प्यात राहतात.