रविवारच्या आमटीच्या सोमवारी चकोल्या

रविवारी पाहुणे येणार म्हणून आपला हात सैल सुटतो, आणि नेमके दोघे कमी येतात! मग आमटी उरते, भातही उरतो. मैत्रिणींनो, आमटी रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा आणि सोमवारी रात्री चकोल्या करा.

दीड वाटी कणकेत मीठ, हळद, चमचाभर तेल घालून घट्ट भिजवा. पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापा. तीन वाट्या आमटीत तितकंच पाणी, गुळाचा खडा, चिंचेचा कोळ घाला. चांगली खळखळ उकळी आल्यावरच तुकडे एकेक सोडा, नाहीतर लगदा होतो. दहा-बारा मिनिटं शिजू द्या. वाढताना तुपाची धार हवीच. शिळ्याला नाक मुरडणारे आमचे ‘हे’ दुसऱ्यांदा मागून घेतात. मी कशाला सांगू!

भाताचं मात्र जपा हं. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू वाढून जे विष तयार करतात, ते फोडणीच्या आचेनेही जात नाही. उलट्या होतात त्या मुलांना! तेव्हा जेवणं आटोपताच भात परातीत पसरून निववा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी फोडणी घालून संपवा. ओट्यावर राहून गेलाच, तर सरळ टाका.