पहिल्या पगाराचा पत्ता

दरवर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की कोकण मंडळाचे नाव बातमीच्या पहिल्या ओळीत असते. 2012 मध्ये कोल्हापुरापासून वेगळे झालेले हे रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे मंडळ तेव्हापासून राज्यात अव्वल आहे. 2024 मध्ये दहावीचा निकाल 99.01 टक्के होता, बारावीचा 97.51. जनगणनेतला आकडा मात्र कुणी पेढे वाटून सांगत नाही. 2001 साली सिंधुदुर्गात 8,68,825 माणसे होती, 2011 साली 8,49,651. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आक्रसला. इथे पोरे शिकतात आणि जातात. मालवणच्या बाजारात बी.कॉम. झालेल्या मुलाच्या आईला भेटणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, ‘‘झील कामाक लागलो काय?’’ आणि ‘काम’ म्हणजे मुंबईचे, हे गृहीत असते.

या गृहीतकाला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे. सिंधुदुर्ग हा 1 मे 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता आणि 1911 च्या शिरगणतीत मुंबईच्या कापडगिरण्यांतले जवळपास निम्मे कामगार त्या एका जिल्ह्यात जन्मलेले होते. त्यांना नोकरी लावली कुणी? जाहिरातीने नव्हे. मालवण-वेंगुर्ल्याहून बोटीने आलेला पोरगा भाऊच्या धक्क्यावर उतरून थेट गाववाल्यांच्या खोलीवर जायचा. परळ-लालबागच्या एका खोलीत गावातले पंधरा-वीस जण राहत, कारण पाळ्या वेगवेगळ्या असत. त्यातला कुणी गिरणीत माणसे भरणाऱ्या जॉबरच्या ओळखीचा असे. मग पोरगा बदली कामगार म्हणून सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राही आणि कुणी गैरहजर राहिला तर आत घेतला जाई. राहायला जागा, जेवायला खानावळ, कामाची बातमी आणि शब्द टाकणारा माणूस, सगळे एकाच जिन्यावर मिळे. ही व्यवस्था न्याय्य नव्हती. जॉबर दस्तुरी खायचा आणि ज्याचा कुणी गाववाला नाही तो फाटकाबाहेरच राहायचा. पण पहिल्या पगारापर्यंतचा रस्ता तिला ठाऊक होता.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि हा रस्ता उखडला. खोल्या अजून आहेत. ग्रामस्थ मंडळे गणपतीच्या गाड्या सोडतात, मंदिराच्या जीर्णोद्धाराला वर्गणी पाठवतात. पण लेखापरीक्षकाच्या कार्यालयात किंवा औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत शब्द टाकणारा माणूस त्या खोलीत सहसा नसतो. आमच्या पदवीधरांचे दुखणे मला इथे दिसते. त्यांच्याकडे गुणपत्रिका आहे, ओळख नाही. मुंबई विद्यापीठाची पदवी हाती असली, तरी मालवण, कणकवली, कुडाळच्या वर्गात बसून तीन वर्षांत एकही कंपनी आतून न पाहिलेला मुलगा अर्ज कुठे करावा इथेच अडतो.

मग पहिला मोहरा वळतो गोव्याकडे. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्यातली मुले पहाटे दुचाकीवरून गोव्याची सीमा ओलांडतात आणि वेर्णा, थिवी, पिळर्णच्या कारखान्यांत जातात. जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर तिकडचीही भर पडली. रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.ला औषधनिर्मितीत गुणवत्ता तपासणीचे काम मिळते, आणि त्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव पुढे कुठेही चालतो. गोव्यातल्या सरकारी नोकरीची आशा मात्र धरू नये. तिथे पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. रोजच्या महामार्गावरच्या प्रवासाचा हिशेब पगारातून वजा करावा, आणि पेट्रोलचाच नव्हे, झोपेचाही.

दुसरा मोहरा स्पर्धा परीक्षांचा. 2023 च्या तलाठी भरतीत राज्यभरात साडेचार हजारांहून थोड्या जास्त जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. अभ्यास करू नये असे मी म्हणत नाही, पण किती वर्षे, हे आधी ठरवून घरच्यांना सांगावे. पुण्यात खोली घेऊन तिशी गाठलेला मुलगा परततो तेव्हा त्याच्याकडे परीक्षेखेरीज दाखवायला एकही कामाचे वर्ष नसते.

आणि मालवणात राहिलेल्याचे काय? 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा तारकर्ली-देवबागला निवास-न्याहारीची घरे मोजकी होती. आज सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास रोज पर्यटक पाण्याखाली उतरतात. त्यांना हात धरून खाली नेणारी बरीच मुले रापणीच्या आणि होड्यांच्या घरांतली. पोहणे त्यांना शिकवावे लागत नाही, पण बिनप्रमाणपत्राचा मुलगा रोजंदारीवरच राहतो. ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि मग डाइव्हमास्टर, अशी पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची पायरीपायरीने चढण आहे. डाइव्हमास्टर ही व्यवसायाची पहिली पायरी. तिच्या प्रशिक्षणाला बसायला किमान 40 आणि प्रमाणपत्र हाती यायला 60 नोंदवलेल्या डुबक्या लागतात. नोंदवलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. हजार वेळा खाली जाऊन आलेल्याच्या वहीत ओळ नसेल तर त्या हजारांची किंमत शून्य. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पाडीचे प्रमाणपत्र अंदमानातही चालते आणि मालदीवमध्येही. त्याला इंग्रजी संभाषणाची आणि हिशेबाची जोड देणारा पदवीधर पुढे केंद्र चालवू शकतो. पदवी घेऊन ‘होडीवर’ कशाला, असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

बागायतीतही पदवीधराचे काम आहे, फक्त त्याला कुणी नोकरी म्हणत नाही. हापूस युरोपला पाठवायचा तर फळमाशीच्या भीतीने तो 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 60 मिनिटे ठेवावा लागतो. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता, तो पुढच्या वर्षी या कडक नियमांनंतरच सुरू झाला. अमेरिकेला जाणाऱ्या पेटीवर विकिरण लागते. बागेची नोंदणी, फवारणीची वही, अवशेषांची तपासणी हे सगळे कुणी तरी लिहायचे असते, आणि बागायतदार सत्तरीचा असतो. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि मुळद्याचे उद्यानविद्या महाविद्यालय जवळच आहेत. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, वेंगुर्ल्याच्या काजूलाही ते आहे, पण ते वापरायला बागायतदाराची स्वतंत्र नोंदणी लागते. एखादी वाणिज्य पदवीधर मुलगी एका गावातल्या बागायतदारांची ही कागदपत्रे सांभाळू लागली, तर तो धंदाच झाला.

मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. या जिल्ह्यात 2011 मध्ये हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईत. आता गावात राहून कमावणाऱ्या मुलाला वधूपिता विचारतो, ‘‘मुंबैत खोली आसा काय?’’ त्याच वेळी स्वतःच्या पदवीधर मुलीने कुडाळला रोज नोकरीला जावे की नाही, यावर घरात चर्चा चालते. या दोन्ही गजाली एकाच ओटीवर होतात.

भांडवलाबद्दल थोडे. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या प्रकल्पाची कमाल मर्यादा 2022 पासून 50 लाख आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, स्त्रिया आणि इतर विशेष गटांना 35 टक्के अनुदान. ऐकायला गोड वाटते, पण हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षे अडकलेल्या ठेवीत राहते आणि धंदा चालू दिसला तरच कर्जात वळते होते. म्हणून, प्रकल्प काजूचा असेल तर, जिल्हा उद्योग केंद्रात जाण्याआधी कुठल्या तरी काजू कारखान्यात एक पूर्ण हंगाम पगारावर काढावा. बी कुठल्या भावाने घेतात, किती तुकडा पडतो, पैसे किती दिवसांनी येतात, हे प्रकल्प अहवाल लिहून देणाऱ्याला माहीत नसते.

भांडवल न घालता अनुभव हवा असेल तर 2024 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. अनेकांनी ते महिने सरकारी कार्यालयात टेबलाशी बसून घालवले आणि मग कायम करण्याची मागणी केली. मागणी समजण्यासारखी आहे, पण ती योजना कायम नोकरीची नव्हती. योजना ज्यांना लागू आहे त्यांनी खासगी आस्थापना मागून घ्यावी, लेखापालाची, छापखान्याची, शीतगृहाची.

वेळेचेही भान हवे. पाण्यातले खेळ आणि किल्ल्याची होडी मेअखेर थांबतात ती ऑगस्ट संपेपर्यंत, म्हणून पर्यटनातली माणसे सप्टेंबरमध्येच ठरतात. काजूची बी मार्चच्या सुमारास येते, आंब्याचे कागद त्याआधी करावे लागतात. मुंबई विद्यापीठाचे शेवटच्या सत्राचे निकाल पावसाळ्याच्या तोंडावर किंवा त्यात लागतात, म्हणजे इथला प्रत्येक दरवाजा बंद असताना. तेव्हा शेवटच्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीतच जाऊन विचारावे. त्या वेळी पर्यटनाचा हंगाम भरात असतो, माणसे कमी पडतात आणि पदवीचा कागद कुणी मागत नाही.