घाटेअळीच्या पोटातला झगडा

हरभऱ्याच्या घाट्यात डोके खुपसून निम्मी बाहेर लोंबणारी अळी विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवी नाही. दाण्यासोबत ती झाडाने साठवलेले एक प्रथिनही गिळते. हे प्रथिन म्हणजे एक रोधक: तो तिच्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला घट्ट धरून बसतो. मग खाल्लेले अंगी लागत नाही आणि अळीची वाढ खुंटते.

सोयाबीनमधला असा रोधक १९४० च्या दशकातच हाती आला होता. पण झाड तो मुद्दाम वाढवते, हे कळले १९७२ मध्ये. अमेरिकेत पुलमन इथे ग्रीन आणि क्लॅरन्स रायन या संशोधकांना दिसले, की भुंगेऱ्याने टोमॅटोचे एक पान कुरतडले, तरी धक्का न लागलेल्या पानांतही रोधक साठतो. हा निरोप पोचवणारे सिस्टेमिन, अवघ्या १८ अमिनो आम्लांचे, सापडायला १९९१ उजाडले.

मधल्या काळात, १९८७ मध्ये, इंग्लंडमधल्या डरहॅमला चवळीचा रोधक तंबाखूत उतरवला गेला. ती पाने अळ्यांना मानवली नाहीत आणि आशेला उधाण आले. मला ती आशा घाईची वाटते. अळी गप्प बसणार नव्हती. रोधक खाणारी अळी त्याला दाद न देणारे दुसरे एन्झाइम तयार करते, हे १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हाच प्रश्न आपल्या पिकावर आणला. तिथल्या कामाचे मोल मला सर्वांत मोठे वाटते. हरभऱ्याचा रोधक घाटेअळीच्या पोटात चक्क तुटून जातो, असे १९९८ मध्ये तिथे आढळले. ज्या झाडावर पिढ्यान् पिढ्या पोसली, त्याची शस्त्रे अळीला पाठ झालेली. मग शोध वळला तिला अनोळखी असलेल्या झाडांकडे: भुईमूग, बटाटा, चौधारी घेवडा, पुढे कारल्याच्या बिया. तिथल्याच १९९९ च्या निबंधाचा सांगावा होता, की एकच रोधक पुरणार नाही, ते आलटून-पालटून द्यावे लागतील.

ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये कापसावर दोन रोधक जोडीने वापरून काम झाले. तंबाखूच्या एका भाईबंदाचा रोधक खाऊनही तगलेल्या अळ्यांच्या पोटात कायमोट्रिप्सिन हे एक चिवट पाचक एन्झाइम वाढलेले दिसले. त्याला आवळणारा बटाट्याचा रोधक निवडला, दोन्ही एकाच झाडात घातले आणि ती कपाशी शेतात टिकली.