तोंड येणे : कारणे व उपचार

काही व्याधी अशा असतात की, त्यांमुळे मनुष्य अंथरुणास खिळत नाही, त्याच्या समाचारास कोणी येत नाही आणि शाळेतून रजाही मिळत नाही. परंतु त्याला सुखाने घास गिळता येत नाही की चार शब्द नीट बोलता येत नाहीत. तोंड येणे ही अशीच एक व्याधी होय. आमच्या इंदुरात शेवेवाचून पानाला शोभा नाही, असे मानतात. ज्याचे तोंड आले आहे, त्याने मात्र ती शेव नुसती पाहावी! परीक्षा जवळ आल्या की, डबा तसाच परत नेणारा एखादा तरी विद्यार्थी वर्गात दिसतो. कारण विचारले, तर 'उष्णता झाली' एवढेच उत्तर मिळते. ही उष्णता म्हणजे काय आणि तिच्यावर योग्य उपाय कोणता, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

ही व्याधी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोग सांगितले असून, सबंध तोंडात पसरणाऱ्या रोगांचा त्यांत वेगळा वर्ग केलेला आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्या नावावरील ग्रंथांत अशा व्रणांना 'आफ्थाय' म्हटले आहे आणि आजचे डॉक्टरही त्यांस त्याच शब्दावरून 'अॅफ्थस' व्रण म्हणतात. ओठांची व गालांची आतील बाजू, जिभेच्या कडा व तिचा खालचा भाग अशा मऊ जागी हे व्रण उठतात. प्रथम एक-दोन दिवस चुरचुरते. मग गोल किंवा लंबगोल खळगा पडतो. त्याच्या मध्यभागी पांढुरका-पिवळा थर व भोवती तांबडे कडे असते. बहुतेक व्रण १० मिलिमीटरांहून लहान असतात आणि ७ ते १४ दिवसांत, मागे वण न ठेवता, आपोआप भरून येतात. त्याहून मोठे व्रण थोड्यांनाच होतात. ते कित्येक आठवडे टिकतात व वण ठेवून जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे व्रण संसर्गजन्य नाहीत. एका पेल्यातून पाणी प्याल्याने ते दुसऱ्यास होत नाहीत. ओठाच्या बाहेरील कडेवर पाणीदार पुटकुळ्यांचा जो पुंजका उठतो, तो विकार निराळा. तो हर्पिस नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो मात्र दुसऱ्यास लागतो.

आता कारणांकडे वळू. आपल्या शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी काही प्रसंगी तोंडातील नाजूक अस्तरावरच चालून जातात आणि तेथे व्रण पडतो. आईवडिलांस हा त्रास असेल, तर मुलांतही तो पुष्कळदा आढळतो. ज्याच्या अंगी ही प्रवृत्ती आहे, त्याला लहानसे निमित्तही पुरते. घाईने जेवताना गाल चावला जाणे, दाताची टोकदार कड घासणे, दात घासताना ब्रश लागणे, जागरण व चिंता ही त्यांपैकी प्रमुख निमित्ते होत. परीक्षेच्या दिवसांत यांतील बहुतेक एकत्र येतात, हे आम्हां विद्यार्थ्यांस निराळे सांगावयास नको. फेस आणण्यासाठी टूथपेस्टमध्ये घातले जाणारे सोडियम लॉरिल सल्फेट हेही काहींना बाधते.

दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे रक्तातील लोह, फोलिक आम्ल किंवा बी-१२ जीवनसत्त्व यांची उणीव. बी-१२ हे दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. म्हणून शाकाहारी घरातील जी मुले दुधाकडे पाठ फिरवितात, त्यांना ते अपुरे पडण्याचा संभव असतो. इस्रायलमधील डॉक्टरांनी ५८ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने रोज बी-१२ घेणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोक अखेरीस व्रणमुक्त झाले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. उलट, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १६० रुग्णांना वर्षभर सर्व जीवनसत्त्वांची मिश्र गोळी किंवा खोटी गोळी देण्यात आली. परंतु दोहोंत काही फरक दिसला नाही. तेव्हा तोंड आले की दुकानातून कोणतीही गोळी आणण्यापेक्षा, वारंवार त्रास होणाऱ्याने रक्त तपासून घ्यावे, हे अधिक शहाणपणाचे.

उपचार साधे आहेत. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. तिखट, आंबट व फार गरम पदार्थ वर्ज्य करावेत; दहीभात, मऊ खिचडी, थंड दूध घ्यावे. मऊ ब्रश वापरावा. व्रणावर तुपाचे बोट किंवा मध लावण्याची घरोघरची रीत आहे. त्याने कोरडेपणा व आग कमी वाटते. वेदना असह्य झाल्यास डॉक्टर बधिरता आणणारे लिग्नोकेनचे मलम देतात. सूज कमी करण्यासाठी ट्रायमसिनोलोनचा लेप देतात. ॲस्पिरिनची गोळी व्रणावर दाबून धरणे मात्र घातक आहे. तिने अस्तर भाजून निघते. सॅलिसिलेट असलेले मलमही १६ वर्षांखालील मुलांनी लावू नये.

येथवर वाचून कोणास वाटेल की, आपोआप बऱ्या होणाऱ्या विकारासाठी एवढा प्रपंच कशाला? त्याचे उत्तर असे की, तोंडातील प्रत्येक व्रण हा 'उष्णतेचा' नसतो. आपल्या देशातील पुरुषांत जे कर्करोग सर्वाधिक आढळतात, त्यांत तोंडाच्या कर्करोगाचे स्थान अगदी वरचे आहे. आणि त्याचे मूळ बहुधा तंबाखू व सुपारी यांत असते. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आली. तरी सुपारीच्या व तंबाखूच्या पुड्या निरनिराळ्या विकत मिळतातच. नुसत्या सुपारीनेही तोंडाचे अस्तर ताठर होते, साधे तिखट झोंबू लागते आणि तोंड उघडेनासे होते. पुढे आलेला हा ताठरपणा पुरता मागे जात नाही आणि त्यातून काहींना कर्करोग होतो. कर्करोगाचा व्रण आरंभी दुखत नाही, हाच त्याचा कपटीपणा आहे. दुखणाऱ्या व्रणाकडे मनुष्य लक्ष देतो, न दुखणाऱ्याकडे देत नाही.

म्हणून आमची वाचकांस एकच विनंती आहे. तोंडात व्रण दिसेल त्या दिवशी भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करावी आणि दिवस मोजावेत. दोन आठवड्यांत तो भरून आला, तर चिंतेचे कारण नाही. तीन आठवडे उलटूनही तो तसाच राहिला, कडा कठीण झाल्या, तांबडा वा पांढरा चट्टा दिसू लागला किंवा उभी धरलेली तीन बोटे तोंडात मावेनाशी झाली, तर उष्णतेचे नाव न घेता दंतवैद्याकडे जावे. व्रणांबरोबर ताप, वजन घटणे किंवा पोटाच्या तक्रारी असतील, तर तीन आठवडेही थांबू नये. ही खूण आपल्यापुरतीच ठेवू नये. घरातील आजोबा किंवा काका तंबाखू मळत असतील, तर त्यांच्या तोंडातील व्रणाचे दिवसही आपण मोजावेत. आपण शाळेत गणित शिकतो. त्याचा एवढा उपयोग आपल्याच माणसांसाठी करता आला, तर ते शिकणे सार्थकी लागेल.