कर्ण्यावर जाऊ नका

मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवरून फिरताना आधी नजर जाते ती पितळी कर्ण्यावर. झळाळणारा, पाकळ्यापाकळ्यांचा, खाली नक्षीची पेटी आणि पेटीवर कान टवकारून बसलेला कुत्रा. दुकानदार चावी देतो, तबकडी फिरते, आवाजही येतो. आजोबांच्या काळातला म्हणून दाखवला जाणारा हा ग्रामोफोन पुष्कळदा गिऱ्हाइकाहून वयाने लहान असतो.

पण तो सगळाच खोटा नसतो, आणि गोम इथेच आहे. कर्णा नवा, पेटी नवी, नळी नवी; आतली मोटर मात्र बहुधा खरी जुनी असते. ती येते कुठून? काळ्या रेक्झिनच्या, सुटकेससारख्या बंद होणाऱ्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून. कर्णा आतच दडवलेला असल्याने ही पेटी दिवाणखान्यात शोभत नाही, म्हणून ती भंगाराच्या भावाने सुटते. तिची मोटर काढायची, नव्या लाकडात बसवायची आणि वर पितळ चढवायचे. एक खोटा नग उभा राहतो तेव्हा एक खरा मोडलेला असतो. मला फसवणुकीपेक्षा याचाच राग जास्त येतो.

पारख करायची तर पेटी उलटी करून खालून पाहावी. एका जरी मूळ स्क्रूच्या डोक्यावर अधिकची (+) खूण असेल तर दुकानदाराची '१९१० सालचा' ही कथा तिथेच संपली. असे फिलिप्सचे स्क्रू १९३०च्या दशकातले. मग नळी पाहावी. जुन्या चांगल्या यंत्रात ती साउंडबॉक्सकडे, म्हणजे सुई बसवलेल्या गोल डबीकडे, बारीक आणि कर्ण्याकडे रुंद होत जाते, कारण आवाजाच्या दृष्टीने ती कर्ण्याचाच पहिला भाग असते. जुळवलेल्या नगात सरसकट एकाच जाडीचा पाइप वाकवलेला दिसतो. त्याची लांबीही बेतलेली नसते, त्यामुळे सुई खाचेत वाकडी चालते आणि तबकडी खरवडते. आवाज येतो म्हणून खूश होऊ नये. तो तबकडीच्या जिवावर येत असतो.

साउंडबॉक्सचा पडदा जुन्या प्रकारांत अभ्रकाचा, पुढे अ‍ॅल्युमिनियमचा. कडेचे रबर कडक झाले की आवाज खरखरतो. ते बदललेले असले तर किंमत कमी होत नाही, ती देखभाल आहे. १९२०-३०च्या काळातल्या जस्ताच्या ओतीव भागांना बारीक तडे जातात. दुकानदार असा तडा दाखवत नाही; जाणकार तो शोधतो, कारण नव्या ओतकामाला हे वय नसते. तड्याने किंमत मात्र उतरते, यातही वाद नाही.

कुत्र्याचे म्हणाल तर फ्रान्सिस बॅरोच्या चित्रातला तो निपर. ग्रामोफोन कंपनीने ते चित्र १८९९ मध्ये विकत घेतले. आज त्याचा स्टिकर कुठेही छापून मिळतो. कुत्रा जितका मोठा, तितकी शंका मोठी धरावी.

मनमाड आणि चाळीसगावच्या मधल्या नांदगावात कुणाच्या माळ्यावर चावीची पेटी निघालीच, तर ती अशी झळाळती असण्याची शक्यता कमी. बहुधा काळी सुटकेसच असेल. एचएमव्हीचे १९३१ साली आलेले १०२ हे मॉडेल तर अनेक वर्षे बनत राहिले आणि भारतभर खपले. ती निघाली तर आधी पॉलिश करू नये. एकदम पूर्ण चावीही देऊ नये: आतले ग्रीस सुकून घट्ट झालेले असते आणि स्प्रिंग धाडकन सुटते किंवा तुटते. मूळ साउंडबॉक्स, मूळ चावी, मूळ रेक्झिन एकत्र राहिले असेल तर ओरखडे असलेली पेटीही उजळलेल्या पेटीपेक्षा मोलाची.

सोबत तबकड्या असतील तर त्यांच्या वयावरून यंत्राचे वय ठरवायचा मोह होतो. तो टाळावा, माणसे नव्या यंत्रावर जुनी गाणी ऐकतच. पण तबकडीवर हॅनोव्हर लिहिलेले दिसले तर ती जपून ठेवावी. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना सुरू होण्याआधी आपल्याकडच्या गायकांची ध्वनिमुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला दाबली जात. तबकडीतली लाख मात्र मुख्यतः हिंदुस्थानातलीच. म्हणजे कच्चा माल तिकडे गेला आणि गाणे होऊन परत आला. अशा तबकड्यांसाठी मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे काम पाहावे. आपल्याकडे यंत्रांपेक्षा ध्वनिमुद्रणांचा अभ्यास कितीतरी पुढे गेला आहे.

किमतीबद्दल बोलताना कायदा विसरतात. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खाते देते. गंमत अशी, की कर्ण्याचा खरा जुना ग्रामोफोन या व्याख्येत अडकू शकतो आणि कालपरवा जुळवलेला सहज विमानात चढतो. तेव्हा परदेशातल्या भाच्यासाठी चोरबाजारातून काही घेणार असाल तर विक्रेत्याला 'किती जुना?' असे विचारण्याऐवजी निर्यातीसाठी हा दाखला मिळेल का, एवढेच विचारा. तो चटकन 'हो' म्हणाला, की वयाचा प्रश्न उरत नाही.